पीआर की नागरिकत्व? सातबारा, आई-वडील आणि परतीची वाट

तापीकाठ

जळगाव-धुळ्याकडून परदेशात गेलेल्या मुलामुलींना पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळून चार-पाच वर्षं झाली, की फोनवर प्रश्न सुरू होतो: आता नागरिकत्व घ्यायचं का? इकडून बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर जातं: घेऊ नको, शेत हातचं जाईल. या उत्तरापायी कितीतरी निर्णय अडून बसलेत, आणि ते निम्मं चूक आहे. म्हणून हा धागा.

आधी कायदा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ दोन्हींचा अर्थ एकच: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि २७ जून २०२४ पासून जर्मनीसुद्धा दुसरं नागरिकत्व ठेवू देतात, पण ती त्यांच्या बाजूची मुभा. आपल्या बाजूने ते दार बंद आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारत देतो त्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या नावात 'सिटिझन' शब्द असला तरी ते नागरिकत्व नाही. तो आजन्म चालणारा व्हिसा आहे, सोबत काही आर्थिक सवलती आहेत, एवढंच.

आता घरच्यांना उलटी वाटणारी गोष्ट. पीआर टिकतं ते तिथे राहिल्यामुळे. कॅनडाला ५ वर्षांत ७३० दिवस हजेरी हवी. ऑस्ट्रेलियाच्या पीआरवर ५ वर्षं ये-जा करता येते. पुढे परतीचा व्हिसा काढावा लागतो आणि तो पूर्ण मुदतीचा हवा तर मागच्या ५ वर्षांत २ वर्षं तिथे काढलेली लागतात. ब्रिटनचा आयएलआर, म्हणजे तिथला पीआर, सलग २ वर्षं बाहेर राहिलं की संपतो. जर्मनीचा कायम परवाना साधारणपणे ६ महिन्यांतच जातो, ब्ल्यू कार्डावरून (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) आलेल्यांना १२ महिन्यांची सूट आहे. म्हणजे वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलाला दोन-तीन वर्षं भुसावळला येऊन राहावं लागलं, तर पीआरवाल्याला बोटांवर दिवस मोजत राहावं लागतं. नागरिकत्व घेतलेला मात्र ओसीआयवर इथे कितीही वर्षं राहू शकतो, आणि तिकडचं दारही उघडं राहतं. 'नागरिकत्व घेतलं म्हणजे पोरगा तिकडचाच झाला' असं आपण म्हणतो. कागदावर मात्र तोच पोरगा जास्त मोकळेपणाने घरी येऊन राहू शकतो.

जातं काय तेही सांगतो: मतदान, निवडणुकीला उभं राहणं, सरकारी नोकरी, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क, आणि मुलांच्या वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशातली सर्वसाधारण जागा. शेवटच्या दोन बाबींवर जाणकारांनी सविस्तर लिहावं.

अमळनेरकर

भाऊ, बठ्ठं खरं शे, पन सातबारानं काय? वडिलोपार्जित कोरडवाहू आठ एकर आहे, नाव चार भावांचं. त्यातला एक नागरिकत्व घेणार म्हटल्यावर तलाठ्याकडे त्याचं नाव कमी होतं का? गावात सगळे हेच सांगतात.

फेरफार_नोंद

नाही. नागरिकत्व बदललं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव कमी होत नाही. नाव कमी होतं ते खरेदीखत, हक्कसोड, वाटणी किंवा मृत्यूनंतरची वारसनोंद यांच्या फेरफाराने. नागरिकत्वाचा फेरफारच नसतो.

घोळ होतो तो दोन कायदे एकत्र केल्यामुळे. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, बहुतेक वेळा नागरिकत्व पाहत नाही, निवास पाहतो. शेतजमीन, फळबागेची जमीन आणि फार्महाऊस यांची खरेदी एनआरआयलाही बंद आहे आणि ओसीआयलाही. म्हणजे टोरांटोत पीआरवर राहणारा, भारतीय पासपोर्टवाला मुलगासुद्धा यावलला केळीचं शेत आज विकत घेऊ शकत नाही. बक्षीसपत्रानेही नाही. 'पासपोर्ट भारतीय आहे ना, मग चालतं' म्हणून अनेक खरेदीखतं झालीत. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली म्हणून फेमाचा भंग पुसला जात नाही.

चालतं काय:

भारतात निवासी असताना स्वतः घेतलेली जमीन पुढे ठेवता येते. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांकडून वारसाने आलेली जमीन एनआरआय आणि ओसीआय दोघांनाही मिळते. विकायची झाली तर मात्र फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि घेणारा महाराष्ट्राच्या कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी असायला हवा. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) येतात. तिथून कर भरल्याचा दाखला देऊन आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

दोघांत खरा फरक पडतो तो परत आल्यावर. पीआर सोडून कायमचा परतलेला भारतीय नागरिक निवासी ठरला की पुन्हा शेत घेऊ शकतो. ओसीआयवाला चोपड्यात दहा वर्षं राहिला तरी खरेदी नाही. केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या ओसीआय अधिसूचनेत शेतजमीन स्पष्टपणे वगळली आहे. निवृत्तीनंतर येऊन केळी-कापूस वाढवायचा विचार असेल आणि घरची जमीन पुरेशी नसेल, तर हा मुद्दा सगळ्यात जड आहे. घरची जमीन वारसाने येणारच असेल तर तो जवळजवळ उरत नाही.

विक्रीच्या करात नागरिकत्वाचा संबंध नाही, अंतराचा आहे. १० हजार ते १ लाख वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख वस्तीला ६ किलोमीटर, त्याहून मोठ्या शहराला ८ किलोमीटर, हे सगळं हवाई अंतर. या पट्ट्याबाहेरची शेती भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणून भांडवली नफा कर लागत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार ही सगळी २०११ च्या जनगणनेत १ ते १० लाखांत येतात, म्हणजे ६ किलोमीटर. चोपड्याला २. मोजणी रस्त्याने करू नका, फसाल.

आणि पीएम किसान: प्राप्तिकर कायद्याने अनिवासी ठरलेल्या खातेदाराला तो हप्ता नाही, पासपोर्ट कोणताही असो. मुलाच्या नावावर हप्ता येत असेल तर आजच बंद करून घ्या, नंतर वसुली येते.

मॅपलचं_पान

कॅनडापुरतं लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका इथेच दिसतात.

पीआर कार्डाची ५ वर्षांची मुदत आणि ७३० दिवसांची अट या दोन वेगळ्या गोष्टी. कार्ड संपलं म्हणजे पीआर गेलं असं नाही, आणि कार्ड चालू आहे म्हणजे पीआर सुरक्षित आहे असंही नाही. तपासणी त्या दिवसापासून मागच्या ५ वर्षांची होते, मग तो दिवस विमानतळावरचा असो की अर्जाचा. भारतात असताना कार्ड संपलं तर विमानात बसू देत नाहीत. आधी पीआरचा प्रवास दाखला काढावा लागतो आणि त्या अर्जातच ७३० दिवस मोजले जातात. म्हणून उन्हाळ्यात लग्नाला येण्याआधी कार्डाची तारीख पाहा. किमान ६ महिने शिल्लक नसतील तर तिथूनच नूतनीकरण टाकून निघा.

नागरिकत्वाला ५ वर्षांत १,०९५ दिवस. पीआरआधी विद्यार्थी किंवा कामाच्या परवान्यावर काढलेला दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५. बरोबर १,०९५ वर अर्ज टाकू नका. एका प्रवासाची तारीख चुकली की अर्ज अपात्र. वीस-तीस दिवस जास्तीचे ठेवा. ५ पैकी ३ वर्षांची कराची विवरणपत्रं, १८ ते ५४ वयाला भाषेचा पुरावा, आणि परीक्षेत २० पैकी १५. मोठ्या माणसाचं शुल्क साधारण ६५० डॉलर.

एक उपयोगी तरतूद फार थोड्यांना माहीत असते. नवरा-बायकोपैकी एक कॅनडाचा नागरिक असेल आणि दुसरा पीआरवर राहून त्याच्याबरोबर भारतात राहत असेल, तर ते दिवस पीआरवाल्याच्या ७३० मध्ये धरतात. म्हणजे एकाने नागरिकत्व घ्यायचं, दुसऱ्याने भारतीय राहायचं, ही वाट कागदोपत्री खुली आहे. भारतीय राहिलेल्याच्या हाती पुढे शेत घेण्याचा हक्कही राहतो. एकत्र राहिल्याचे पुरावे मात्र सांभाळा: भाडेकरार, विजेचं बिल, दोघांची तिकिटं.

आणि दारू पिऊन गाडी चालवणं. १८ डिसेंबर २०१८ पासून त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाली, त्यामुळे तो 'गंभीर गुन्हेगारी'त मोडतो. पीआरवाल्याचा मुक्काम त्यावर जाऊ शकतो, नागरिकाचा जात नाही. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

पांझरा

अमेरिकेचा हिशोब वेगळा, आणि तिथे नागरिकत्वाचं पारडं आई-वडिलांमुळे जड होतं. ग्रीनकार्डवाला (तिथला पीआरवाला) आई-वडिलांना कायमचं बोलावण्यासाठी अर्जच करू शकत नाही. २१ वर्षं पूर्ण झालेला नागरिक करू शकतो, आणि त्या वर्गाला वार्षिक कोट्याची रांग नाही. कॅनडात हा फरक नाही. तिथे पीआर असो की नागरिक, आई-वडिलांचा अर्ज नाहीतर सुपर व्हिसा (आई-वडिलांच्या लांब मुक्कामाचा पाहुणा व्हिसा) यांत दोघांत भेद नाही. म्हणून कॅनडाच्या नातेवाइकाचा सल्ला अमेरिकेच्या मुलाला लावू नका.

ग्रीनकार्डनंतर ५ वर्षं (नागरिक जोडीदाराबरोबर राहत असाल तर ३), त्यात ५ वर्षांच्या हिशोबात ३० महिने प्रत्यक्ष हजेरी. अर्जाचा फॉर्म एन-४००, मुदतीच्या ९० दिवस आधी टाकता येतो. शुल्क ऑनलाइन ७१०, कागदावर ७६० डॉलर. सलग ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी तुमची. एक वर्षाहून जास्त झालं तर तुटलंच, पुन्हा ४ वर्षं १ दिवस थांबा.

'रीएन्ट्री परमिट (लांब बाहेर राहून परतण्याचा परवाना) आहे, मग काळजी नाही' हे निम्मंच खरं. ते परमिट २ वर्षांपर्यंत ग्रीनकार्ड वाचवतं, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य वाचवत नाही. अर्जही अमेरिकेत असतानाच टाकायचा. भारतात आल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

सर्वांत घातक चूक: वाहन परवान्याच्या खिडकीवर मतदार नोंदणीच्या चौकटीत खूण करणं. ग्रीनकार्डवाल्याने मतदार म्हणून नाव घातलं, त्याहून मत दिलं, तर हद्दपारीपर्यंत प्रकरण जातं. न वाचता सही करू नका.

करात ग्रीनकार्ड आणि नागरिक जवळजवळ सारखेच. दोघांनाही जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं, त्यात भारतात करमुक्त असलेलं शेतीचं उत्पन्नही आलं. भारतातल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात एकदाही १० हजार डॉलरवर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अर्ज, भरायचा. आईबरोबरचं जॉइंट खातंही त्यात मोजतात. १५ पैकी ८ वर्षं ग्रीनकार्ड धरलं आणि मग परत केलं तर निर्गमन कराचा (देश कायमचा सोडताना लागणारा कर) हिशोब लागू शकतो. परतायचं पक्कं असेल तर आठवं वर्ष लागायच्या आत विचार करा.

मृत्यूकराचा एक मुद्दा राहतो. जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर त्याच्याकडे जाणाऱ्या मालमत्तेला अमर्याद वजावट मिळते, नागरिक नसलेल्या जोडीदाराला विशेष न्यासाशिवाय नाही. मालमत्ता मोठी असेल तरच हा प्रश्न येतो.

सातपुडा_पायथा

न्यूझीलंडचा उल्लेख राहिला. तिथे रहिवासी व्हिसावर २ वर्षांच्या अटी पूर्ण झाल्या की मिळणारा कायम रहिवासी व्हिसा बाहेर राहिल्याने संपत नाही, आणि रहिवाशाला मतदानही करता येतं. तिथल्या मुलांनी नागरिकत्वाची घाई करण्याचं कारण कमी.

ब्रिटनमध्येही भारतीय पासपोर्टवर मत देता येतं, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून. पण २ वर्षांची अट कडक आहे, त्यामुळे घरी लांब मुक्काम असेल तर विचार करावा लागतो.

ऑस्ट्रेलियात मुलं मोठी होत असतील तर पदवी शिक्षणाचं सरकारी कर्ज साधारणपणे नागरिकांनाच मिळतं, पीआरवाल्याला फी रोख भरावी लागते. नागरिकत्वासाठी ४ वर्षं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. ४ वर्षांत एकूण १२ महिन्यांहून जास्त बाहेर नाही, आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून जास्त नाही.

ताई_धुळेकर

मुलांच्या नीट आणि जेईईबद्दल कुणी सांगेल का? मुलगी तिकडे जन्मलेली, पुढच्या वर्षी दहावीसाठी इथे आणायची आहे.

फेरफार_नोंद

ताई, २०२१ च्या त्याच अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना एनआरआय कोट्यातल्या किंवा जादा जागांपुरतंच पात्र ठरवलं. फक्त भारतीय नागरिकांसाठीच्या जागा त्यांना नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलासा दिला तो ४ मार्च २०२१ आधी ओसीआय कार्ड मिळालेल्यांना. तेव्हा आधी मुलीच्या कार्डावरची तारीख पाहा. त्या तारखेआधीचं असेल तर जुनं कार्ड जपून ठेवा, नूतनीकरण झालं असलं तरी पहिल्या कार्डाचा पुरावा लागेल. नंतरचं असेल तर एनआरआय कोट्याची फी धरूनच ठरवा, ती सर्वसाधारण फीच्या कितीतरी पट असते.

कागदपत्रं_आधी

निर्णय कोणताही घ्या, इकडचे कागद जुळवून घ्या. खानदेशात एक खास अडचण आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'जि. धुळे' आणि पासपोर्टवर नंदुरबार असतं. आई-वडिलांच्या जुन्या कागदांवर तर 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' सापडतं. परदेशी अधिकाऱ्याला ही दोन वेगळी गावं वाटतात. अर्जासोबत जिल्हा विभाजनाचं एका परिच्छेदाचं स्पष्टीकरण आणि दोन्ही कागदांची इंग्रजी भाषांतरं जोडा, म्हणजे शंकेचं पत्र येत नाही.

घरी जन्म झाला, नोंदच नाही, असे आई-वडील पुष्कळ आहेत. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या, त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यांच्याहून वयाने मोठ्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. मोठे नातेवाईक हयात आहेत तोवरच हे काम होतं, म्हणून पुढे ढकलू नका.

आधारला जोडलेला भारतीय मोबाईल नंबर बंद पडू देऊ नका. बँक, शेतकरी ओळख क्रमांक, प्राप्तिकर, सगळ्यांचा ओटीपी त्यावरच येतो.

कुलमुखत्यारपत्र तिकडे करायचं तर नोटरी आणि अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का) किंवा वकिलातीतून साक्षांकन. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल करारात आला, त्याआधीचे सल्ले आता जुने झाले. इथे पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्या, नाहीतर दुय्यम निबंधकाकडे अडतं. आणि मुखत्यारपत्र मोघम लिहू नका. गट नंबर, क्षेत्र, आणि कोणतं काम, वारसनोंद की विक्री, हे लिहा.

तापीकाठ

नागरिकत्व घ्यायचं ठरलंच तर क्रम चुकवू नका.

शपथेच्या दिवशी ग्रीनकार्ड किंवा पीआर कार्ड परत द्यावं लागतं. नवा पासपोर्ट यायला वेळ लागतो, आणि भारतीय पासपोर्ट त्या क्षणापासून प्रवासाला वापरायचा नाही, वापरला तर दंड. म्हणजे मधले काही आठवडे तुम्ही कुठेच जाऊ शकत नाही. घरी लग्न ठरलेलं असेल किंवा आई-वडिलांची तब्येत नाजूक असेल तर शपथेची तारीख पुढे मागून घ्या.

पासपोर्ट आला की भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर प्रमाणपत्र. रद्द झालेला पासपोर्ट परत मिळतो, तो फेकू नका, भारतीय मुळाचा पुरावा तोच. मुलांनीही नागरिकत्व घेतलं असेल तर त्यांचंही वेगळं प्रमाणपत्र. मग ओसीआय: परदेशातून शुल्क २७५ डॉलर, सोबत नवा पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, सरेंडर प्रमाणपत्र, जुना पासपोर्ट. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर आई-वडील दोघांची सही. जुन्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आणि नव्यावर नाही, अशा फरकाला प्रतिज्ञापत्र लागतं.

ओसीआयला दिरंगाई करू नका. २१ सप्टेंबर २०२३ ला कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा अचानक थांबले होते. ओसीआय कार्डवाले त्यातून सुटले, ज्यांनी कार्ड 'नंतर करू' म्हणून ठेवलं होतं ते अडकले.

अमळनेरकर

मतदानाचं दुःख वाटतं. पीआरवर तरी मत राहतं ना?

पांझरा

राहतं. फॉर्म ६अ भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन त्या केंद्रावर स्वतः यावं लागतं, टपाली किंवा ऑनलाइन नाही. ज्याला हा हक्क खरोखर जपायचा आहे त्याने आजच नाव घालावं, कारण नुसतं पीआर ठेवून नाव यादीत येत नाही.

आणि गेलेलं परत मिळवण्याची वाटही कायद्यात आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(जी) प्रमाणे ५ वर्षं ओसीआय असलेला माणूस अर्जाआधी १२ महिने भारतात राहिला तर भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. तेव्हा परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. शेत घ्यायचा प्रश्नही त्यानंतर मिटतो.

अमळनेरकर

हे माहीत नव्हतं. मग आमच्या घरी क्रम असा लागतो: वडिलांच्या हयातीतच चौघांची नावं आणि आणेवारी (प्रत्येकाचा हिस्सा) तपासून घ्यायची, मुखत्यारपत्र गट नंबरासकट करून ठेवायचं, आणि मगच त्याने शपथेची तारीख घ्यायची. फेरफाराची नोटीस १५ दिवसांची असते ना?

फेरफार_नोंद

हो, १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा आणि आठ-अ दोन्ही काढून त्याला पाठवा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का तेही त्याच वेळी पाहा.